अनामिका वाकते आहे

सकाळचे साडेआठ. स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी बायको बसली आहे. उजवा हात टेबलावर दोन उशांवर, छातीपेक्षा उंच. तळहाताला पट्टी, पाचही बोटं मोकळी. ती अनामिका वाकवते, सरळ करते. पुन्हा वाकवते. रोज सकाळी हेच बोट मुडपून अडकायचं. डाव्या हातानं ओढलं की ‘कट्’ आवाज करत सुटायचं. आज आवाज नाही. दुखतं मात्र आहे, चेहऱ्यावर दिसतंच.

काल नागपूरच्या धंतोलीत या बोटाचं ऑपरेशन झालं. भूल दिली तीही फक्त तळहातापुरती. आत ती डॉक्टरांशी बोलत होती आणि बाहेर मी स्कूटर लावायला जागा शोधत होतो. धंतोली ओळखणाऱ्यांना कळेल, जागा मिळायच्या आधी ऑपरेशन आटोपलं.

“अहो, पोहे भिजले, आता निथळा!” खुर्चीतून हुकूम येतो. डाव्या हातानं तिला लिंबूही पिळता येत नाही, पण चाळणी कुठे आहे ते बसल्या जागी सांगता येतं. आंघोळीआधी पट्टीवर पिशवी बांधायची आहे. प्लास्टिकच्या पिशव्या राज्यात 2018 पासून बंद. आमच्या गादीखाली त्या सापडतात. रबर लावतो. “आवळू नका एवढं.” सैल करतो. वेणीही मीच घालतो. ती आरशात पाहते आणि काही बोलत नाही.

फाटक वाजतं. शेजारच्या काकू मृग बहाराची संत्री घेऊन आल्या आहेत. पिशवी ठेवायच्या आधीच सुरू होतात, “हात कायले हालवून राहिली वो? टाके उसवतील न! गुपचूप बसून राय.”

“डॉक्टरनंच सांगितलं काकू, बोटं हलवा म्हणून.”

काकूंना पटत नाही. मग बायको त्यांना आपल्या परकराची नाडी दाखवते. नाडीला गाठ पडली की ती नेफ्यात अडकते, तसंच आतल्या शिरेचं झालं होतं. शीर म्हणजे बोट वाकवणारा स्नायुबंध. बोटाच्या मुळाशी ज्या कड्यातून तो सरकतो, ते कडं डॉक्टरांनी कापून मोकळं केलं. बोट गप्प ठेवलं तर भरणाऱ्या जखमेला तो चिकटून बसतो, म्हणून पहिल्याच दिवसापासून हालचाल. फक्त जड उचलायचं नाही, पिळायचं नाही, आणि दहा ते चौदा दिवसांत टाके निघेपर्यंत पट्टी ओली करायची नाही.

नोता नावाच्या फ्रेंच डॉक्टरनं 1850 मध्येच बोट अडकण्याचा हा विकार लिहून ठेवला आहे. मधुमेह असलेल्यांना तो जास्त होतो. बायकोला साखर आहे. काकूंनाही आहे.

काकू गप्प होतात, मग स्वतःचा अंगठा पुढे करतात. “माहा अंगठाबी सकाळी अडकते बापा. तो मालीशवाला ओढून देते.”

बायको संत्रं घेते. नागपुरी संत्र्याची साल सैल. उजव्या हाताच्या बोटांनी नुसतं धरायचं, डाव्या अंगठ्यानं सोलायचं. जमतं. पहिली फोड काकूंना.

तुमचंही बोट सकाळी अडकत असेल तर ओढून घेऊ नका, हाडांच्या डॉक्टरला दाखवा. पुष्कळांचं बोट सरळ ठेवणाऱ्या पट्टीवर किंवा एखाद्या इंजेक्शनवर भागतं. आणि ऑपरेशन झालंच, तर भेटायला येणाऱ्यांचं ऐकून हात गळ्यात बांधून बसू नका.