बहिष्काराने काय साधते?

खेळांच्या मेळाव्यापुढे सरकार नमते का? २०१५ साली अमेरिकेतील इंडियाना राज्यात धर्मस्वातंत्र्याचा कायदा होऊ घातला होता. त्याच्या आडून दुकानदार समलिंगी ग्राहकांना परत पाठवतील, अशी भीती होती. इंडियानापोलिस शहरात दरवर्षी ‘जेन कॉन’ हा पट-पत्त्यांच्या खेळांचा मेळावा भरतो. पन्नास हजारांवर माणसे येतात. आयोजकांनी राज्यपाल माइक पेन्स यांना कळवले, की सही झाली तर पुढे इथे यायचे का, याचा विचार करावा लागेल. २६ मार्चला सही झालीच. मग मोठ्या कंपन्याही विरोधात उतरल्या आणि २ एप्रिलला दुरुस्ती होऊन ती पळवाट बुजली.

मग एकेका खेळाडूने घरी बसावे का? मला तसे वाटत नाही. त्या शहराच्या नियमांत अशा भेदभावाला २००५ पासूनच मनाई होती, महापौरही कायद्याच्या विरोधात होते. फटका त्यांनाच बसला असता. आयोजकांच्या इशाऱ्याला वजन होते, कारण त्यामागे शहराचे उत्पन्न होते. मेळावा मात्र तिथेच राहिला. राज्यभर संरक्षण देणारा कायदा काही त्या दुरुस्तीतून आला नाही. बहिष्काराचा धाक अन्याय रोखू शकतो. हक्क मिळवायला तिथल्याच लोकांना झगडावे लागते, आणि त्यांच्या सोबतीला कुणीतरी जावे लागते.