पाणी वाचणारे नावाडी

सपाट रानातून जाणारी नदी गाईसारखी गरीब असते. तीच नदी डोंगराच्या घळीत शिरली, की उधळलेल्या बैलासारखी धावते. अशा उधळलेल्या नदीतून काही लोक एवढीशी होडी घेऊन जातात. ते कसे जातात? कशाच्या जोरावर जातात? आणि त्यांच्यापासून आपण काय शिकायचं? ते आम्ही या धड्यात सांगणार आहोत.

होडी कशी असते

या होडीला कयाक म्हणतात. उत्तर ध्रुवाजवळ बर्फाचा मुलूख आहे. तिथं इन्युइट नावाचे लोक राहतात. शिकारीसाठी त्यांच्या पूर्वजांनी ही होडी शोधून काढली. लाकडाचा किंवा हाडांचा सांगाडा करायचा आणि त्यावर सील नावाच्या समुद्री प्राण्याचं कातडं ताणून बसवायचं, अशी ती होडी.

आता नदीत चालवायची कयाक चिवट प्लास्टिकची करतात. तीत बहुधा एकच माणूस बसतो. होडी वरून बंद असते. माणूस बसेल एवढंच भोक ठेवलेलं असतं. कमरेभोवती एक घट्ट पडदा बांधतात, म्हणजे आत पाणी शिरत नाही. वल्ह्याला दोन्ही टोकांना पाती असतात. डोक्यावर कडक टोप आणि अंगात तरंगतं जाकीट घालतात.

होडी उलटली तर? नावाडी लगेच बाहेर पडत नाही. डोकं खाली, पाय वर, अशा स्थितीत तो पाण्यात वल्हं मारतो, कमरेला हिसडा देतो आणि होडीसकट पुन्हा सरळ होतो. ही कला आधी शांत पाण्यात शिकावी लागते.

पाणी कसं वाचतात

तुम्ही आता अक्षरं वाचू लागला आहात. हे नावाडी पाणी वाचतात. पाण्यालाही खुणा असतात.

पहिली खूण बाणाची. खडकांमधून पाणी पळतं तेव्हा वर बाणासारखा आकार दिसतो. बाणाचं टोक वाहत्या दिशेला असेल, तर मधली वाट बहुधा मोकळी. टोक उलट, वरच्या अंगाला असेल, तर त्या टोकाशी पाण्याखाली खडक आहे असं समजावं.

दुसरी खूण आडोशाची. मोठ्या खडकाच्या पाठीमागे पाणी थबकतं, थोडं उलटही फिरतं. नावाडी तिथं होडी घालतो, दम घेतो आणि पुढची वाट बघतो.

तिसरी खूण पांढऱ्या पाण्याची. पाण्यात हवा मिसळली की ते पांढरं दिसतं. अशा फेसात होडी नीट तरंगत नाही. वल्ह्याला पकड मिळत नाही. पोहणाराही खाली जातो.

चौथी खूण सर्वांत घातक. पाणी खडकावरून किंवा बांधावरून खाली पडतं आणि तळाशी जातं. पण वरच्या थरातलं पाणी मागे फिरून पुन्हा त्या धारेकडेच येतं. रहाटासारखं ते फिरतच राहतं. त्यात पडलेला ओंडका तिथंच गरगरतो, बाहेर निघत नाही. माणसाचंही तसंच होतं. याला आपण पाण्याचा रहाट म्हणू.

आणखी एक हिशेब ध्यानात ठेवा. पाण्याचा वेग दुप्पट झाला, की त्याचा धक्का चौपट होतो. म्हणून काल पायी ओलांडलेला ओढा आज माणसाला उचलून नेतो.

त्सांगपोची घळ

तिबेटात कैलासाच्या बाजूला एक नदी उगम पावते. तिचं तिथलं नाव त्सांगपो. ती पूर्वेकडे जाते आणि नामचा बरवा नावाच्या 7,782 मीटर उंचीच्या शिखराला वळसा घालून दक्षिणेकडे वळते. अरुणाचल प्रदेशात ती सियांग होते आणि आसामात ब्रह्मपुत्र. वळसा घालताना ती ज्या घळीतून जाते, ती जगातल्या सर्वांत खोल घळींपैकी एक आहे. दोन्ही बाजूंची शिखरं नदीच्या पात्रापासून काही ठिकाणी 5,000 मीटरपेक्षा उंच आहेत. कळसूबाईसारखे तीन डोंगर एकावर एक ठेवले, तरी ते तिथवर पोचायचे नाहीत!

त्सांगपो हीच ब्रह्मपुत्र का, हे एके काळी नक्की ठाऊक नव्हतं. ते शोधायला 1880 साली किंथुप नावाचा सिक्कीमचा माणूस सरकारी मोजणी खात्यातर्फे तिबेटात गेला. त्याला लिहितावाचता येत नव्हतं. बरोबरच्या लामानं दगा देऊन त्याला गुलाम म्हणून विकलं. तो तिथून निसटला, पण घरी पळाला नाही. ठरल्याप्रमाणे त्यानं 500 ओंडक्यांना खुणा केल्या आणि रोज 50 याप्रमाणे ते नदीत सोडले. खाली आसामात कुणीतरी ते बघायचं होतं. त्यासाठी त्यानं दुसऱ्याकडून पत्र लिहवून घेतलं, पण ते वेळेवर पोचलं नाही. ओंडके वाहून गेले. बघायला कुणीच नव्हतं. चार वर्षांनी तो परत आला. त्याच्या सांगण्यावर पुष्कळांनी विश्वास ठेवला नाही. 1913 साली दोन इंग्रज अधिकारी त्या घळीत गेले, तेव्हा त्याचं सांगणं बहुतेक खरं ठरलं.

दोन सफरी

1998 साली काही अमेरिकन नावाडी ही घळ उतरायला गेले. सगळे जाणते, तयारीचे लोक. पण त्या साली पाऊस फार झाला होता आणि ऑक्टोबरातही नदी तुडुंब होती. डग गॉर्डन नावाच्या कसलेल्या नावाड्याची होडी एका लहानशा धबधब्याखाली उलटली. तो सरळ होऊ शकला नाही. मुख्य प्रवाहानं त्याला ओढून नेलं. तो पुन्हा दिसला नाही. बाकीच्यांनी सफर तिथंच थांबवली.

2002 साली स्कॉट लिंडग्रेन याच्या पुढारीपणाखाली सात नावाडी गेले. त्यांनी हिवाळा निवडला, कारण तेव्हा पाणी उतरलेलं असतं. मधली धार त्यांनी शक्यतो टाळली आणि काठाकाठानं होड्या नेल्या. पुढचं पाणी आधी काठावरून बघायचं. वाचता आलं तर जायचं. नाहीतर होडी खांद्यावर घ्यायची आणि खडकांतून चालायचं. पुढे दोन मोठे धबधबे होते आणि दोन्हीकडे उभे कडे. तिथं त्यांनी नदीच सोडली. होड्या उचलून ते बर्फाची उंच खिंड चढून बाहेर पडले. वरची घळ होडीतून उतरणारे पहिले लोक म्हणून त्यांचं नाव झालं. चालून गेले म्हणून कुणी त्यांना भित्रे म्हटलं नाही.

आपल्या गावच्या पाण्यात

आपल्या रायगड जिल्ह्यात कोलाडजवळ कुंडलिका नदीला वीजघराचं पाणी सुटतं. तेव्हा हौशी लोक रबरी तराफ्यांतून तिच्या खळाळात उतरतात. पण ज्याला कयाक माहीत नाही, त्यालाही पाणी वाचता आलं पाहिजे. पाण्याचा तो रहाट आपल्या बंधाऱ्याखालीही फिरतो. वरून पाणी सारखं पडताना दिसतं, म्हणून पोरं तिथं उड्या मारतात आणि फसतात.

तर मंडळी, एवढं करा. बंधाऱ्यावरून पाणी पडत असेल, तर त्याच्या पायथ्याशी उतरू नका. पुलावरून पाणी वाहत असेल, तर अलीकडेच थांबा. वाहून जाण्याची वेळ आलीच, तर उताणे व्हा, पाय पुढे ठेवा आणि पावलं वर असू द्या. जोराच्या पाण्यात उभं राहायला गेलं, तर पाऊल दगडांत अडकतं. बुडणाऱ्यामागे उडी टाकू नका. काठावरून दोर फेका किंवा दोराला रिकामा डबा घट्ट झाकण लावून बांधा आणि तो टाका.

बैलगाडी पुराच्या पाण्यात घालण्याची कुणी पैज लावली, तर त्याला त्या सात नावाड्यांची गोष्ट सांगा. घरी उशिरा पोचलात तरी चालेल. चूल वाट बघेल.