यकृतातला विषाणू आणि रक्तातली साखर

हिपॅटायटिस सी हा यकृताचा आजार म्हणून ओळखला जातो, पण त्याचा विषाणू साखरेचेही गणित बिघडवतो. अमेरिकेत २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत, चाळिशी ओलांडलेल्या बाधितांमध्ये टाइप २ मधुमेहाची शक्यता इतरांच्या तिपटीहून अधिक दिसली.

जेवणानंतर इन्सुलिन वाढले की यकृताने साखर सोडणे थांबवून ती साठवायची असते. विषाणूच्या गाभ्यातील प्रथिनामुळे इन्सुलिनचा हा निरोप पेशीत पुढे पोहोचत नाही, आणि सततचा दाह त्यात भर घालतो. स्वादुपिंड जादा इन्सुलिन सोडत राहते आणि शेवटी कमी पडते. उलट, मधुमेहामुळे यकृत कडक होण्याचा वेगही वाढतो.

ठाणे जिल्ह्यात हा प्रश्न विशेष जवळचा आहे. फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत सिंधी निर्वासित आले आणि १९४९मध्ये तिथे उल्हासनगर वसले. सिंधी समाजात थॅलेसेमिया या आनुवंशिक रक्तविकाराच्या वाहकांचे प्रमाण जास्त आहे. त्याचे तीव्र रूप, थॅलेसेमिया मेजर, असलेल्या मुलाला साधारण दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त चढवावे लागते. त्यातले लोह यकृतात आणि स्वादुपिंडात साचते, ज्यामुळे मधुमेह होऊ शकतो. दात्याच्या रक्ताची ‘सी’साठी तपासणी भारतात सक्तीची झाली ती २००१मध्ये, त्याआधी रक्त घेतलेल्यांच्या वाट्याला अनेकदा विषाणूही आला. अशा रुग्णांत तीन महिन्यांची साखर सांगणारी एचबीए१सी चाचणी फसवी ठरते, कारण नळीतल्या लाल पेशी बऱ्याचशा दात्याच्या असतात. उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची साखरच पाहावी लागते. विषाणू रक्तातून पसरत असल्यामुळे डायलिसिसवरच्या मधुमेहींचीही ‘सी’ चाचणी ठरावीक काळाने व्हायलाच हवी.

दिलासा मोठा आहे. २८ जुलै २०१८ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय विषाणूजन्य कावीळ नियंत्रण कार्यक्रमात सोफोसबुविरसारखी औषधे मोफत मिळतात. बहुतेकांना १२ आठवड्यांच्या गोळ्या पुरतात आणि ९५ टक्क्यांच्या आसपास रुग्ण बरे होतात. विषाणू हटू लागला की इन्सुलिन पुन्हा नीट काम करते, त्यामुळे मधुमेहाच्या औषधाच्या जुन्याच डोसने साखर एकाएकी उतरू शकते. घाम, थरथर, डोके हलके होणे ही त्याची लक्षणे. उपचार चालू असताना साखर वरचेवर मोजून डॉक्टरांकडून मधुमेहाचे औषध कमी करून घ्यावे लागते. साखर सुधारली तरी मधुमेह प्रत्येकाचा जातोच असे नाही. प्रतिपिंडांची चाचणी मात्र बरे झाल्यावरही पॉझिटिव्हच येते. म्हणून गोळ्या संपल्यानंतर १२ आठवड्यांनी विषाणूच्या आरएनएची चाचणी करतात.