क्लाऊन मासा, काळा
पोमॅसेंट्रिडी कुलातील ॲम्फिप्रिऑन वंशाच्या माशांचे काळे प्रकार. मत्स्यालयाच्या छंदात या नावाने दोन भिन्न जाती विकल्या जातात व त्यांची वारंवार गल्लत होते. ॲ. ऑसेलॅरिस ही जाती एरवी नारिंगी असते. तिचा काळा प्रकार उत्तर ऑस्ट्रेलियात डार्विनच्या परिसरात आढळतो. पूर्ण वाढीनंतर तीन पांढरे पट्टे वगळता त्याचे जवळजवळ सर्व अंग पक्षांसह काळे होते. ॲ. पर्क्युला जातीच्या ‘ऑनिक्स’ प्रकारात काळा रंग पट्ट्यांच्या दरम्यान पसरतो. तोंड, छाती व पक्ष बहुतांशी नारिंगीच राहतात.

पिलांचा रंग मात्र फसवा असतो, कारण डार्विनकडील पिलेही आरंभी तपकिरी-नारिंगी असून सावकाश काळी होतात. अशा वेळी पृष्ठपक्षातील काटे मोजणे अधिक भरवशाचे ठरते : ऑसेलॅरिसमध्ये ते बहुधा ११, तर पर्क्युलामध्ये १० असतात. चपळ, जिवंत माशाचे काटे मोजणे सोपे नसते, हे खरे.

काळ्या व नारिंगी ऑसेलॅरिसची तपकिरी संतती ‘मोका’ नावाने विकली जाते. ती त्याच जातीची असल्यामुळे काट्यांवरून ओळखता येत नाही. तिच्यापासून पैदास केल्यास काळा वाण शुद्ध राहत नाही. म्हणून पिले घेताना जनक जोडीची माहिती मिळवणे आवश्यक असते.