एकट्यांसाठी वेगळा नियम का?

‘फॅमिली आहे का?’ पुणे असो, बंगळुरू, इंदूर की हैदराबाद, भाड्याचं घर शोधणाऱ्या अविवाहित व्यक्तीला दलाल सर्वात आधी हेच विचारतो. नोकरी, पगार ही चौकशी नंतर. बँकेत अधिकारी असलेली चाळिशीतली स्त्री असली तरी ‘एकटी आहे’ म्हणताच समोरच्याचा सूर बदलतो. रोज रात्री भांडणाऱ्या जोडप्याला मात्र घर चटकन मिळतं, कारण ती फॅमिली!

महाराष्ट्रातल्या गृहनिर्माण सोसायट्यांच्या आदर्श उपविधींनुसार फ्लॅट भाड्याने देताना मालकाने सोसायटीला कळवायचं असतं, परवानगी मागायची नसते. तरीही ‘बॅचलरला नको’ असा अलिखित नियम कमिटी खुशाल चालवते.

ऑफिसात दिवाळीच्या सुट्टीचा विषय निघाला की ‘तुझ्या घरी कोण वाट बघतंय?’ हे ऐकावं लागतं. घरी आजारी आई वाट बघत असते, पण ती या हिशोबात धरली जात नाही. अनेक कंपन्यांचा आरोग्य विमा नवरा किंवा बायको आणि मुलांना सामावून घेतो, आईवडिलांसाठी वेगळे पैसे मोजावे लागतात. सहलीला जायचं तर दर दोघांत एक खोली धरून ठरवलेले, एकट्याने जास्तीचे भरा.

सगळीकडेच अन्याय होतो असंही नाही. आपल्याकडे प्राप्तिकर प्रत्येकाच्या उत्पन्नावर स्वतंत्रपणे लागतो, लग्न केलं म्हणून नोकरदाराचा कर कमी होत नाही. शिवाय मुलाखतीत ‘मूल कधी?’ हा प्रश्न विवाहित स्त्रीलाच जास्त छळतो.

कायदा काय म्हणतो?

कायद्याचंही एक मत नाही. 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं, की 24 आठवड्यांपर्यंतच्या गर्भपाताच्या नियमात अविवाहित स्त्रीला वगळता येणार नाही. एकटी स्त्री मुलगा किंवा मुलगी कोणालाही दत्तक घेऊ शकते. एकट्या पुरुषाला मात्र मुलगी दत्तक मिळत नाही. 2021 च्या सरोगसी कायद्यात 35 ते 45 वयाच्या विधवा आणि घटस्फोटित स्त्रीला परवानगी आहे, कधीच लग्न न केलेलीला नाही. त्याच वर्षीच्या दुसऱ्या कायद्याने तिला आयव्हीएफ करून घेता येतं. म्हणजे आई व्हायला हरकत नाही, फक्त मार्ग सरकार ठरवणार. यातलं तर्कशास्त्र निदान मला तरी उमगलेलं नाही.

सही कोणाची?

सगळ्यात जास्त धास्ती वाटते ती हॉस्पिटलची. फॉर्मवर ‘नातेवाइकाची सही’ असा रकाना असतो आणि एकटं माणूस तिथे अडतं. खरं तर रुग्ण सज्ञान आणि शुद्धीवर असेल तर त्याची स्वतःची संमती हीच खरी संमती. 2008 साली सर्वोच्च न्यायालयासमोर आलेल्या खटल्यात 44 वर्षांची अविवाहित स्त्री फक्त तपासणीसाठी भूल घेऊन टेबलावर होती. डॉक्टरांनी बाहेर बसलेल्या आईची सही घेतली आणि तिचं गर्भाशय व अंडाशय काढून टाकले. जीव वाचवण्याची तातडी नसताना सज्ञान स्त्रीऐवजी आईने दिलेली संमती ग्राह्य नाही, असं न्यायालयाने म्हटलं. विवाहित असती तर बहुधा आईऐवजी नवऱ्याची सही घेतली असती, तीही तितकीच चुकीची ठरली असती.

पण शुद्ध हरपली तर? त्यासाठी आधीच वैद्यकीय इच्छापत्र करून ठेवता येतं. उपचारांनी बरं होण्याची आशा उरली नाही तर जीव लांबवणारे उपचार कुठवर करायचे आणि आपल्या वतीने निर्णय कोणी घ्यायचा, हे त्यात लिहायचं. 2023 मध्ये न्यायालयाने ही पद्धत सोपी केली. दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरे, मॅजिस्ट्रेटकडे जावं लागत नाही.

संपत्तीचंही तसंच. मृत्युपत्र न करता अविवाहित हिंदू स्त्री गेली आणि तिला मूल नसेल, तर मालमत्ता आईवडिलांकडे आणि ते नसतील तर वडिलांच्या वारसांकडे जाते. आजारपणात वीस वर्षं सोबत राहिलेल्या मैत्रिणीला कायद्याने काहीच मिळत नाही. मृत्युपत्र मात्र साध्या कागदावरही होतं, दोन साक्षीदारांसमोर सही करून. नोंदणी सक्तीची नाही, केलेली बरी.