चित्र मिळालं, नाव राहिलं : वारली चित्रांचा संग्रह करताना

पीएचडीच्या प्रवेशाची किंवा पहिल्या फील्डवर्कची तयारी करणाऱ्यांसाठी हा लेख आहे. तुमचा विषय लोककला नसला तरी वाचा. यातली चूक कुठल्याही विषयात होऊ शकते, आणि ती मी स्वतः केलेली आहे.

मी विरार पूर्वेला, मनवेलपाड्यात राहते. आमच्याकडे वारली चित्रं बघायला लांब जावं लागत नाही. सोसायटीच्या कंपाउंडवर, शाळेच्या भिंतीवर, लग्नपत्रिकेवर, चहाच्या कपावर, सगळीकडे तीच त्रिकोणांची माणसं आणि तोच तारप्याभोवतीचा नाच. ही चित्रं कोणी काढली, असं कोणालाही विचारा. उत्तर येतं, "वारली लोकांनी." पुढचा प्रश्न कोणी विचारत नाही. मीही विचारला नव्हता.

पहिल्या वर्षी मी डहाणू, तलासरी, विक्रमगड भागात फिरून बासष्ट नोंदी केल्या. त्यात भिंतींचे फोटो होते, विकत घेतलेली कागदावरची आणि कापडावरची चित्रं होती. एक्सेल शीट अगदी नीटनेटकी होती. गाव, तारीख, आकार, रंग सगळं भरलेलं. 'चित्रकार' या रकान्यात मात्र एकेचाळीस ठिकाणी 'अज्ञात'. मॅडमनी शीट वरपासून खालपर्यंत पाहिली आणि एवढंच विचारलं, "अज्ञात म्हणजे काय गं? तू विचारलंस आणि कळलं नाही, की तू विचारलंच नाहीस?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. म्हणजे होतं, पण ते सांगण्यासारखं नव्हतं.

आधी भिंत, मग कागद

ही चूक का होते ते कळायला या चित्रांचा थोडा इतिहास माहीत हवा.

वारली चित्रांचं मूळ रूप म्हणजे लग्नघरातला चौक. गेरूने किंवा शेणाने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाच्या पांढऱ्या रंगाने तो काढतात. बांबूच्या काडीचं टोक चावून मऊ केलं की झाला ब्रश. चौकात मधोमध पालघाट देवी असते. चौक काढायचा मान सवासिणींचा, आणि विधीची गाणी म्हणते ती धवलेरी. थोडक्यात, हे बायकांचं काम, ठरलेल्या प्रसंगाचं आणि बहुतेक वेळा अनेक हातांचं. लग्न झालं की चौक हळूहळू पुसट होतो, पुढच्या सारवणात नाहीसा होतो. तो जपून ठेवण्यासाठी काढलेलाच नसतो.

1970 च्या दशकाच्या सुरुवातीला भास्कर कुलकर्णी या भागात आले. पुपुल जयकर यांच्या पुढाकाराने ग्रामीण आणि आदिवासी कलाकारांना कागद, रंग देऊन नवी बाजारपेठ मिळवून द्यायचं काम तेव्हा सुरू होतं. कुलकर्णींना डहाणू तालुक्यातल्या गंजाडजवळ जिव्या सोमा म्हसे भेटले. म्हसे हे पुरुष, आणि तेही लग्नाच्या निमित्ताशिवाय रोज चित्र काढणारे. त्यांनी चित्र भिंतीवरून कागदावर आणि कापडावर आणलं. मासे पकडायचं जाळं, शेतातली कामं असे विषय चौकाबाहेर येऊन स्वतंत्र चित्र झाले. 1976 मध्ये त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, 2011 मध्ये पद्मश्री. 2018 मध्ये ते गेले. त्यांचे मुलगे सदाशिव आणि बाळू हेही चित्रकार.

आता यातली मेख बघा. म्हशांचं नाव तुम्हाला कुठल्याही पुस्तकात मिळेल. ज्या सवासिणींच्या भिंती बघून बाहेरच्या जगाला या चित्रांची ओळख झाली, त्यांची नावं शोधायला निघालात तर मात्र दमछाक होते. कागदावर सही करता येते, भिंतीवर कोणी सही करत नाही. त्यामुळे 'पारंपरिक' म्हणजे बिननावाचं आणि 'आधुनिक' म्हणजे नावाचं अशी वाटणी आपोआप होऊन बसते. भिंत रंगवणाऱ्या बाईला नाव नव्हतं असं थोडंच आहे? तिचं नाव पाड्यातल्या प्रत्येकाला माहीत होतं. ते लिहून घेणारा माणूस तिथे नव्हता, किंवा असूनही त्याने विचारलं नाही.

'अज्ञात'चे तीन अर्थ

मॅडमच्या प्रश्नानंतर मी विरारहून पुन्हा डहाणू लोकल पकडली. ज्या घरातला लग्नचौक मला सगळ्यात आवडला होता, तिथे आधी गेले. भिंत सारवून झाली होती, चौकाचा मागमूसही नव्हता. मी फोटो दाखवला. घरातल्या काकूंनी एका दमात सांगितलं, ही चौकट कोणाची, आतली झाडं कोणाची, धवलेरी कुठल्या पाड्यावरून आली होती. मग म्हणाल्या, "त्या दिवशी विचारलं असतंत तर तिघी इथंच बसल्या होत्या. तुम्ही नुसतं भिंतीकडं बघत होतात."

त्या तिघींतली एक त्यानंतरच्या पावसाळ्यात वारली होती. तिने काढलेल्या झाडांबद्दल आता मी कोणाला विचारू?

पुढच्या काही महिन्यांत एकेचाळीसपैकी बावीस नोंदींना नावं मिळाली. एकोणीस राहिल्या. पण त्या एकोणीस आता 'अज्ञात' या एका शब्दात बसत नाहीत. मी तो शब्दच काढून टाकला आणि त्याचे तीन भाग केले :

1. विचारलं नाही. चूक संशोधकाची. ती तशीच लिहायची.
2. विचारलं, कळलं नाही. कोणाला विचारलं आणि कधी, तेही लिहायचं. उद्या दुसरा कोणी तिथून पुढे शोध घेईल.
3. कळलं, पण नाव छापू नका असं सांगितलं. हा त्या व्यक्तीचा निर्णय. इथे माहितीची उणीव नाही, संमतीचा प्रश्न आहे. हे नाव खुल्या शीटमध्ये जात नाही.

तुमचा विषय बियाण्यांचा असो, ओव्यांचा असो की घरगुती औषधांचा, डेटामधला रिकामा रकाना का रिकामा आहे हे लिहिलं नाही, तर वाचणारा समजतो की तिथे काही नव्हतंच.

सही म्हणजे सगळं नव्हे

मग सही असलेली चित्रंच गोळा करावीत का? इथे एक दूरचं उदाहरण उपयोगी पडतं.

अमेरिकेच्या न्यू मेक्सिको भागातल्या पुएब्लो आदिवासी समाजांत मातीची भांडी करायची जुनी परंपरा आहे. चाक न वापरता, मातीच्या वळकट्या एकावर एक रचून. हेही मुख्यतः बायकांचं काम. सान इल्डेफोन्सो गावच्या मारिया मार्टिनेझ आणि त्यांचे पती ज्युलियन यांनी 1919 च्या सुमारास काळ्यावर काळी नक्षी असलेली भांडी केली आणि ती जगभर गाजली. संग्राहकांना सही हवी होती, म्हणून भांड्यावर सही येऊ लागली. आधी एकट्या मारियाची, मग मारिया आणि ज्युलियन अशी. ज्युलियन 1943 मध्ये गेल्यावर सून सांतानाचं नाव आलं, नंतर मुलगा पोपोव्हीचं. त्यामुळे भांडं साधारण कोणत्या वर्षांतलं, हे आज संग्राहक सहीवरून सांगू शकतात.

पण गंमत अशी की गावातल्या इतर बायकांनी केलेल्या भांड्यांवरही मारियाने सही केल्याचं नोंदलेलं आहे. सहीने भांडं चांगल्या भावात जात असेल तर शेजारणीलाही त्याचा फायदा व्हावा, एवढा साधा हिशोब. संग्राहकाच्या लेखी सही म्हणजे एका माणसाची मालकी, गावाच्या लेखी ती वाटून घ्यायची गोष्ट. म्हणून सही हा पुरावा आहे, पण कशाचा पुरावा ते विचारावं लागतं. आपल्याकडेही एकाच घरात दोन-तीन जण मिळून मोठं कापड रंगवतात आणि सही एकाचीच असते. "सगळं तुम्हीच काढलंत का?" हा प्रश्न संशयाच्या सुरात नको, साध्या कुतूहलाने विचारा. लोक मोकळेपणाने सांगतात.

मी आता काय लिहून घेते

प्रत्येक चित्रामागे एक कार्ड, आणि ते जागेवरच भरायचं. घरी येऊन आठवून नाही.

- कोणी : सगळ्यांची नावं, कोणी काय केलं त्यासकट. नाव कसं लिहायचं ते त्यांनाच विचारून.
- कुठे : गाव आणि पाडा दोन्ही. जिल्हा लिहिताना सांभाळा. पालघर जिल्हा 1 ऑगस्ट 2014 ला ठाण्यातून वेगळा झाला. त्याआधीच्या नोंदींत 'ठाणे जिल्हा' असतं. गाव तेच, जिल्हा बदलला. जुनी नोंद खोडू नका, शेजारी नवी लिहा.
- कधी : चित्र काढल्याची तारीख वेगळी, तुमच्या हाती आल्याची वेगळी.
- कशासाठी : लग्नासाठी, विक्रीसाठी, ऑर्डरवरून की कार्यशाळेत? ऑर्डरचं चित्र कमी अस्सल असं नाही, पण ते कोणाच्या सांगण्यावरून तसं झालं हे कळायला हवं.
- कशाने : तांदळाचं पीठ की बाजारचा पांढरा रंग, गेरू की रंगवलेलं कापड. पिठाचा रंग सुटतो, त्यामुळे पुढे जपणूक कशी करायची हे यावरच ठरतं.
- कोणाकडून, कितीला : चित्रकाराकडून थेट की दुकानातून, आणि दिलेली किंमत. संकोच वाटतो, तरी लिहा.
- परवानगी : फोटो, नाव आणि छपाई, तिन्हींची वेगवेगळी.

विकत घेतलं म्हणजे आपलं झालं का?

चित्र तुमचं झालं, त्याचा कॉपीराइट नाही. 1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार तो साधारणपणे चित्रकाराकडेच राहतो, आणि त्याच्या मृत्यूनंतर 60 वर्षं टिकतो. म्हणजे जिव्या म्हशांच्या चित्रांवरचा हक्क 2078 च्या अखेरपर्यंत आहे. 'लोककला आहे, सगळ्यांचीच' असं म्हणून प्रबंधाच्या मुखपृष्ठावर कोणाचंही चित्र लावू नका.

वारली चित्रकलेला 2014 मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं आहे. पण ते 'वारली' या नावाचं, समूहाचं संरक्षण करतं. एका चित्रामागची एक बाई त्यातून आपोआप दिसू लागत नाही. तिच्यासाठी कॉपीराइट कायदा आहे, आणि तो हक्क मागायचा तर हे चित्र तिचं आहे याची नोंद कुठेतरी असावी लागते. कदाचित ती नोंद फक्त तुमच्या वहीतच असेल.

माझ्या शीटमध्ये आज एकोणीस नोंदींपुढे कारणं लिहिलेली आहेत. त्यातल्या अकरांपुढे 'विचारलं नाही' असं आहे. प्रबंधात ते तसंच जाणार, मॅडमशी बोलून ठरलंय. तुम्ही पहिल्या फील्डवर्कला निघाल तेव्हा कॅमेरा नंतर काढा. आधी ज्यांच्या घरी बसलात त्यांना नाव विचारा, आपलंही सांगा.