धान्यातील अदृश्य विष आणि नॅनोतंतू

दमट जागी साठवलेल्या मक्यावर व शेंगदाण्यावर बुरशी चढते आणि तिच्यातून अफ्लाटॉक्सिन हे विष निर्माण होते. ते डोळ्यांना दिसत नाही आणि शिजवल्याने पूर्णपणे नाहीसेही होत नाही. १९७४ साली राजस्थानातील बांसवाडा व गुजरातेतील पंचमहाल जिल्ह्यांत असा मका खाल्ल्यामुळे शंभराहून अधिक माणसे यकृताच्या विकाराने दगावली.

आपल्याकडे धान्यातील या विषाची कमाल मर्यादा किलोमागे १५ मायक्रोग्रॅम, म्हणजे टनामागे अवघी १५ मिलिग्रॅम आहे. इतका अल्प अंश अचूक मोजण्यास बहुधा प्रयोगशाळा लागते आणि अहवाल येईपर्यंत माल अनेकदा पुढे गेलेला असतो.

येथे नॅनोतंतू साहाय्यास येतात. पॉलिमरच्या द्रावणास उच्च दाबाची वीज देऊन सुईतून ओढलेले हे तंतू केसाच्या शेकडो पटींनी बारीक असतात. त्यांच्या लहानशा जाळीलाही विस्तीर्ण पृष्ठभाग लाभतो. त्यावर विष नेमके ओळखणारी प्रतिपिंडे बसवली, की विषाची चाहूल विद्युतप्रवाहातील बदलाने लागते. हे तंत्र अद्याप बहुतांशी संशोधनाच्या टप्प्यावर आहे. मात्र त्यास लागणारे पंप, सुया व वीजपुरवठ्याची उपकरणे घडविणे बंगळूरच्या पीण्या औद्योगिक क्षेत्रासारख्या लघुउद्योगांच्या वसाहतीस अवघड नाही.

गोदाम-पावतीच्या तारणावर कर्ज घेणारा शेतकरी आणि ते देणारी बँक, दोघांनाही मालाच्या निर्धोकपणाची खात्री गोदामाच्या दाराशीच मिळणे मोलाचे ठरेल. तोवर धान्य खणखणीत वाळवून कोरड्या जागी साठवणे, हाच खरा विमा होय.